एक रिॲक्टर, दोन अर्थ

‘तारापूर’ आणि ‘रिॲक्टर’ हे दोन शब्द बातमीत शेजारी आले की मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या छातीत धस्स होते. आपल्या भागातला मनुष्य मात्र आधी विचारतो, “कुठला रिॲक्टर? केंद्रातला की एमआयडीसीतला?” पारिभाषिक शब्दांचा प्रश्न वर्गापुरता नाही हे सांगायला एवढा एक प्रश्न पुरेसा आहे.

एमआयडीसीतला रिॲक्टर म्हणजे रसायने एकत्र करण्याची बंद टाकी. आत ढवळणी फिरत असते, बाहेरून वाफेचे किंवा थंड पाण्याचे वेष्टण असते. तापमान हाताबाहेर गेले तर ती फुटते. अशा स्फोटांत बोईसरचे कामगार दगावले आहेत. समुद्रकाठच्या केंद्रातला रिॲक्टर निराळा. तेथे युरेनियमच्या अणुकेंद्रकाचे विखंडन होते आणि त्या उष्णतेने झालेल्या वाफेवर टर्बाइन फिरते. १९६९ साली सुरू झालेले पहिले दोन संच या जातीचे. इंग्रजीत दोघांनाही नाव एकच.

मराठीने येथे ‘अणुभट्टी’ हा शब्द काढला. त्यावर आक्षेप घेता येतो. भट्टी म्हटली की डोळ्यांपुढे वीट भाजणारी, नाहीतर दारूची भट्टी येते. जाळ आणि धूर येतो. अणुभट्टीत तर काहीच जळत नाही. विज्ञानाच्या ग्रंथांत ‘विक्रियक’ असा काटेकोर प्रतिशब्द आढळतो, पण तो पुन्हा दोन्ही रिॲक्टरांना लागू पडतो! माझे मत सदोष अणुभट्टीच्याच बाजूने आहे. जेथे इंग्रजीचा घोटाळा होतो तेथे ती दोन वस्तू वेगळ्या ठेवते.

प्रत्येक वेळी असे भाग्य लाभत नाही. मराठी शाळेत आपण शिकलो : अणू म्हणजे ॲटम, रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदी माध्यमातून आलेला मित्र शिकला : परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. म्हणून आपले ‘अणुशक्ती केंद्र’ हिंदीत ‘परमाणु बिजलीघर’ होते. कणादाच्या परंपरेत परमाणू हा अविभाज्य कण, आणि दोन परमाणूंचे द्व्यणुक. त्या दृष्टीने हिंदीची निवड अधिक सरळ वाटते. (ग्रीक ‘ॲटम’चाही अर्थ अविभाज्यच, आणि फोडले नेमके त्यालाच.) दोघांनी एकाच संस्कृतच्या घरातून शब्द उचलला, पण उचलताना एकमेकांना विचारले नाही.

या बाबतीत मलाय भाषेची वाट पाहण्यासारखी आहे. मलेशियात १९५६ पासून ‘देवान बहासा दान पुस्ताका’ ही संस्था भाषेचे काम करते. नावातले भाषा आणि पुस्तक आपल्या ओळखीचे आहेतच. १९७२ साली मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी समान लेखनपद्धती स्वीकारली. ॲटमला ‘आतोम’, मॉलिक्यूलला ‘मोलेकुल’ असे इंग्रजी शब्द त्यांनी आपल्या वळणाने सरळ घेतले. तरी एकवाक्यता पुरी झाली नाहीच. ‘न्यूक्लिअर’ला मलाय भाषेत ‘न्युक्लेआर’, इंडोनेशियात ‘नुक्लिर’. मात्र उसनवारीवरच त्यांनी भागवले असे नव्हे. अंतराळवीराला ते ‘अंगकासावान’ म्हणतात, ज्यात आपले आकाश आहे. रेडिएशनला मलाय शब्द ‘सिनारान’. ‘सिनार’ म्हणजे किरण.

आपणही किरणावरूनच ‘किरणोत्सर्ग’ केला. परिभाषेत रेडिएशनला ‘प्रारण’ आहे, वर्तमानपत्रांत किरणोत्सर्ग. परीक्षेत कोणता लिहावा याची धास्ती विद्यार्थ्याला असते. पण केंद्राच्या आसपासच्या गावांत आणीबाणीच्या सरावाची दवंडी द्यायची झाली तर? वाडवळी बोलणाऱ्या आजीला किंवा वारली पाड्यावरच्या मुलाला दोन्ही शब्द सारखेच परके. तेथे प्रतिशब्द शोधीत बसू नये. “घरात जा, दारे-खिडक्या लावून घ्या, उघड्यावरचे पाणी पिऊ नका,” एवढे त्यांच्या बोलीत सांगावे.