नळाच्या पाण्यात धुतलेली लेन्स

मुलाला चष्मा लागला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. नंबर मायनस सव्वा. घरातली मोठी माणसं म्हणाली, "सारखा चष्मा लावला की नंबर वाढतच जातोय. शाळेपुरता लावू दे." मी ऐकलं. त्यावर कडी म्हणजे पुढची दोन वर्षं नंबर तपासलाच नाही. पोरगं फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतंय, हे मला त्याच्या बाईंनी पालक सभेत सांगितलं. तोवर नंबर मायनस तीनवर गेला होता.

त्या वेळी डॉक्टरांनी यंत्रावर डोळ्याची लांबी मोजली आणि कागदावर आकडा लिहिला : २४.६ मिलिमीटर. मला तो आकडा आजही पाठ आहे. मुलांचा मायनस नंबर वाढतो तो बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबत जातो म्हणून. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. आतला पडदा ताणला जातो आणि मोठेपणी तो सुटण्याचा, काचबिंदूचा धोका वाढतो. पुढं लेसर करून चष्मा जाईल, पण वाढलेली लांबी कमी होत नाही. आणि चष्मा टाळल्यानं किंवा कमी नंबरचा दिल्यानं ही वाढ थांबत नाही. ही गोष्ट मला दोन वर्षं आधी कळायला हवी होती.

मुलगा गांधी मैदानावर फुटबॉल खेळतो. चष्म्यापायी त्याला फुटबॉल सोड म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी रोज नवी घालून रात्री टाकून द्यायची लेन्स सुचवली. तिच्या मधल्या भागातून लांबचं स्वच्छ दिसतं. भोवतीची वलयं काही प्रकाश पडद्याच्या अलीकडे जुळवतात, त्यामुळे डोळ्याला लांबण्याचा इशारा कमी मिळतो. अशाच 'मायसाइट' लेन्सला अमेरिकेच्या एफडीएनं नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली, ८ ते १२ वयात सुरुवात करणाऱ्या मुलांसाठी. तीन वर्षांच्या चाचणीत साध्या लेन्सच्या तुलनेत नंबरची वाढ सरासरी ५९ टक्क्यांनी कमी झाली. वाढ मंदावते, चढलेला नंबर उतरत नाही.

लेन्स महाग. मी रोज बजावायचे, "जपून वापर, वाया घालवू नकोस." माझी दुसरी चूक ही. एका रविवारी मॅचमध्ये डोळ्यात माती गेली. त्यानं लेन्स काढली, मैदानाकडेच्या नळाखाली धुतली आणि परत घातली. रात्री डोळा लालबुंद, दिव्याकडे बघवेना. "आई, तूच म्हणालीस ना वाया घालवू नको," एवढंच तो बोलला. बुबुळावर जखम होती. वेळेत औषध मिळालं म्हणून दहा दिवसांत निभावलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

नळाच्या, विहिरीच्या, तलावाच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुबुळ कायमचं खराब करू शकतो. म्हणून लेन्सला पाणी लावायचंच नाही. पोहायला जाताना काढायची, झोपताना काढायची. साबणानं हात धुवून कोरडे पुसल्याशिवाय हात लावायचा नाही. डोळा लाल झाला, दुखला, अंधूक दिसलं तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, "उद्या बघू" नाही. चष्मा दप्तरात कायम हवाच. आणि मूल हात धुण्याबाबत हयगय करत असेल तर लेन्सची घाई करू नका. खास काचांचे चष्मे आहेत, कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब आहेत. यातलं काय द्यायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या, थेंब दुकानातून आपल्या मनानं आणू नका.

ज्या घरात मूल अजून चष्म्याविना आहे त्यांनी त्याला उजेडात खेळू द्यावं. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के.

आम्ही आता दर सहा महिन्यांनी लांबी मोजतो. मागच्या वर्षभरात ती ०.१ मिलिमीटरने वाढली. मॅचच्या पिशवीत शिनगार्डजवळ लेन्सची बंद जोडी आणि चष्मा असतो. डोळ्यात काही गेलं की तो लेन्स काढून टाकतो, चष्मा चढवतो आणि बाकावर बसतो.