शेजारचे ख्रिस्ती बांधव विचारतात तेव्हा

वस्तीतले ख्रिस्ती बांधव घरी येतात, शुभवर्तमानाची पुस्तिका देतात आणि विचारतात, "तुमचा बुद्ध पापांची क्षमा करतो काय?" अशा वेळी गोंधळू नका, चिडूही नका. सरळ सांगा, नाही करीत. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्टच केले आहे की, बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत. अंगुलिमालाचे पाप त्यांनी पुसून टाकले नाही. भिक्खू झाल्यावरही त्याला लोकांचे दगड सोसावे लागले, पण त्याने शस्त्र पुन्हा उचलले नाही. एवढे तर आपल्या मुलांनाही सांगता आले पाहिजे.

मात्र "तुम्ही दुधाच्या भुकटीसाठी बाटलात" हा टोमणा तुमच्या तोंडून निघता कामा नये. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पुष्कळ महार-मांग बांधव ख्रिस्ती झाले. जातीच्या जाचातून सुटण्यासाठीच त्यांतले कितीतरी गेले. "सवलतींसाठी धर्म बदलला" हे आपणही ऐकले आहेच की! उलट १९५० च्या आदेशामुळे धर्मांतरितांच्या केंद्राच्या सवलती गेल्या. बौद्धांना त्या १९९० साली मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना अजून नाहीत. बोलणे तिथून सुरू करा. त्यांची पुस्तिका ठेवून घ्या आणि आपली बावीस प्रतिज्ञांची त्यांच्या हाती द्या.