पोलवरचा बुडबुडा अचूक कसा वाचावा?

प्रश्न : मोजणीच्या प्रिझम पोलवरील गोल पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी असूनही बिंदूंच्या मोजमापात फरक का पडतो?

उत्तर : गोल पाणसळ पोलचा कल दाखवते. तिची संवेदनशीलता म्हणजे बुडबुडा 2 मिलिमीटर सरकण्यासाठी लागणारा कल. साध्या पोलवर तो बहुधा 40 मिनिटांच्या आसपास असतो. 2 मीटर उंचीवर 40 मिनिटांचा कल राहिला, तर प्रिझम सुमारे 23 मिलिमीटर बाजूला जातो. 10 मिनिटांना सुमारे 6 मिलिमीटर. उंचीतील फरक मात्र नगण्य असतो. बाजूचा फरक पोलच्या उंचीबरोबर वाढतो, म्हणून दृष्टिरेषेत अडथळा नसेल तेथे पोल शक्य तितका आखूड ठेवावा.

बुडबुडा तिरकस पाहिल्यास काचेवरील वर्तुळाच्या तुलनेत तो सरकलेला भासतो. त्यामुळे डोळा पाणसळीच्या बरोबर वर आणून बुडबुड्याभोवतीची मोकळी जागा सर्व बाजूंनी सारखी आहे का, हे पाहावे. उन्हात द्रव प्रसरण पावून बुडबुडा लहान होतो. तेव्हा तो वर्तुळाच्या आत असणे पुरेसे नसते, नेमका मध्य साधावा लागतो. हात हलत असल्यास दोन पायांचा आधार लावावा.

पाणसळच बिघडलेली असू शकते. तपासणीसाठी आधारावरील पोलचा बुडबुडा मध्यावर आणून, टोक त्याच बिंदूवर ठेवून पोल 180 अंशांनी फिरवावा. बुडबुडा सरकल्यास निम्मा फरक आधाराच्या पायांनी आणि निम्मा पाणसळीच्या स्क्रूंनी काढावा व तपासणी पुन्हा करावी. पोलच वाकलेला असल्यास तो बदलावा.