घड्याळाकडे लक्ष असू दे, बाळा

चि. निनाद यास,

शाळेच्या संघाचा मदतनीस कोच झालास, टोपी चढवलीस, कानाला हेडसेट लावलास. फोटोत रुबाबदार दिसतोस हो! आता त्या हेडसेटच्या आत जे डोकं आहे, त्यात आत्याच्या चार गोष्टी भरून घे. अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक सामना साठ मिनिटांचा, पण कोचची अब्रू बहुतेक वेळा शेवटच्या दोन मिनिटांतच जाते. उदाहरणं आणि नियम सगळे त्या व्यावसायिक लीगचे, एनएफएलचे, देते, म्हणजे तुला ती पडद्यावर पाहताही येतील.

१. आधी आपल्या लीगचं नियमपुस्तक वाच — कॉलेजच्या खेळात शेवटच्या दोन मिनिटांत फर्स्ट डाउन मिळाला की घड्याळ थांबतं, एनएफएलमध्ये थांबत नाही. एकीकडची सवय दुसरीकडे नेलीस तर फसशील.

२. घड्याळ कशाने थांबतं, हे पोरांकडून रोज वदवून घे — पास कुणीच झेलला नाही तर थांबतं, खेळाडू मैदानाच्या आत पाडला गेला तर चालूच राहतं. हे कोचला पाठ असून भागत नाही. चेंडू पोरांच्या हातात असतो.

३. हाफला टाइमआउट तीनच मिळतात, ते तिसऱ्या क्वार्टरमध्ये उधळू नकोस. प्ले क्लॉक संपत आलं तर पाच यार्डांचा दंड निमूट सोस — पाच यार्ड पुढच्या एका पासमध्ये भरून निघतात, गेलेला टाइमआउट परत येत नाही.

४. पंचांवर राग आला म्हणून चॅलेंजचं लाल फडकं भिरकावू नकोस — चॅलेंज हरलास की एक टाइमआउट गेला. शेवटच्या दोन मिनिटांत तर ते टाकायची सोयच नसते, तेव्हा वरचे अधिकारी स्वतःच बघतात.

५. मागे असलास तर टाइमआउट शक्यतो चेंडू समोरच्याकडे असताना घे — तो प्रत्येक स्नॅपआधी चाळीस सेकंद आरामात खातो आणि तुला दुसरा इलाज नसतो. चेंडू आपल्याकडे असला तर रेषेबाहेर पळता येतं, चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवता येतं.

६. टू-मिनिट वॉर्निंगला घड्याळ आपोआप थांबतं, ते हिशेबात धर — दोन मिनिटं पन्नास सेकंद असताना घेतलेला टाइमआउट चाळीस सेकंद वाचवतो, दोन मिनिटं पाच सेकंदांवर घेतलेला जेमतेम पाच.

७. पण जपून ठेवण्याचाही अतिरेक नको, टाइमआउट म्हणजे मुरत घालायचं लोणचं नव्हे — २०२४ च्या थँक्सगिव्हिंगला शिकागो बेअर्स डेट्रॉइटकडून २३-२० असे मागे होते, क्वार्टरबॅक पाडला गेला तेव्हा बत्तीस सेकंद आणि एक टाइमआउट शिल्लक होता. पुढचा स्नॅप झाला सहा सेकंदांवर, पास वाया गेला, टाइमआउट तसाच उरला. दुसऱ्या दिवशी कोच मॅट एबरफ्लस यांची नोकरी मात्र उरली नाही.

८. दोन वेळा गुण मिळवायचे असतील तर पहिल्यांदाचीच घाई कर — २००५ च्या सुपर बोलमध्ये दहा गुणांनी मागे असलेले ईगल्स पावणेसहा मिनिटं हातात असून रमतगमत खेळले. टचडाउन झाला तेव्हा दोन मिनिटंही उरली नव्हती आणि सामना तीन गुणांनी गेला. पुढच्याने रेंगाळावं, मागच्याने पळावं, एवढं लक्षात ठेव.

९. पुढे असताना हौस आवर — २०१७ च्या सुपर बोलमध्ये फाल्कन्स २८-२० असे पुढे होते, पाच मिनिटांहून कमी वेळ होता आणि चेंडू समोरच्याच्या २२ यार्डांवर. नुसतं पळून फील्ड गोल मारला असता तर आघाडी अकराची झाली असती. ते पास टाकायला गेले, क्वार्टरबॅक मागे पाडला गेला, वर दंड बसला, शेवटी पंट करावा लागला आणि ओव्हरटाइममध्ये सामनाही गेला.

१०. गुडघा टेकून जिंकता येत असेल तर टेक, त्यात कमीपणा नाही — समोरच्याचे टाइमआउट संपले असतील तर तीनदा गुडघा टेकला की साधारण दोन मिनिटं जातात. १९ नोव्हेंबर १९७८ ला इथे न्यू जर्सीत जायंट्स १७-१२ असे पुढे होते, अर्धं मिनिट राहिलं होतं, ईगल्सकडे एकही टाइमआउट नव्हता. तरी वरून फर्मान आलं, की चेंडू लॅरी झोंकाकडे द्या. देता-घेता चेंडू निसटला, एक टप्पा घेऊन हर्मन एडवर्ड्सच्या हातात बसला आणि तो सव्वीस यार्ड पळाला. १९-१७! डाव ठरवणाऱ्या कोचला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं.

११. मोकळं मैदान दिसलं तरी गोलरेषेआधी थांबायला पळणाऱ्या पोराला शिकव — टचडाउन झाला की चेंडू समोरच्याला मिळतो, थांबलं की घड्याळ आपलं. २०२३ च्या सुपर बोलमध्ये बरोबरी असताना चीफ्सचा जेरिक मॅकिनन रेषेच्या अलीकडे मुद्दाम घसरून बसला. वेळ खाऊन, आठ सेकंद राहिले असताना फील्ड गोल मारला आणि ३८-३५ ने जिंकले. कोच कोण, तर २००५ च्या त्या रमतगमत खेळणाऱ्या ईगल्सचेच कोच अँडी रीड; शिकणाऱ्याला उशीर होत नाही, बाळा.

१२. गुण वाचणारच नसतील तर निदान सेकंद वाचव, समोरच्याला टचडाउन करू दे — २०१२ च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सनी वाट मोकळी सोडली. जायंट्सचा अहमद ब्रॅडशॉ थांबू बघत होता, पण वेग आवरेना आणि रेषेपलीकडे पाठमोरा बसलाच. पेट्रियट्स हरले खरे, पण सत्तावन्न सेकंदांची एक संधी त्यांनी कमावली.

१३. थोडे सेकंद म्हणजे शून्य सेकंद नव्हेत — जानेवारी २०२२ मध्ये बफेलो बिल्स तीन गुणांनी पुढे, उरले तेरा सेकंद. त्यांनी किक थेट मैदानापार मारली, त्यात एकही सेकंद गेला नाही. चीफ्सनी दोन पासमध्ये ४४ यार्ड काढून बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये जिंकले.

१४. खेळाडू पळून आला की चेंडू स्वतः ठेवू नये, अंपायरच्या हातात द्यावा — त्याने हात लावल्याशिवाय पुढचा स्नॅप होत नाही. त्याच महिन्यात काउबॉइजचा डॅक प्रेस्कॉट चौदा सेकंद असताना सतरा यार्ड पळाला. गर्दीतून अंपायर चेंडूपाशी पोचून तो ठेवेपर्यंत वेळ संपली.

१५. शेवटच्या डावासाठी एक टाइमआउट राखता आला तर राख — २०१७ मध्ये डेट्रॉइट लायन्सचा टचडाउन फेरतपासणीत रद्द झाला तेव्हा आठ सेकंद बाकी होते. नियमाने दहा सेकंद कापले गेले आणि ते थांबवायला टाइमआउट नव्हता. सामना तिथेच संपला.

१६. समोरच्या किकरला घाबरवायला लागोपाठ दोन टाइमआउट घेऊ नकोस — २००७ मध्ये जो गिब्ज यांच्यासारख्या मुरलेल्या कोचनी घेतले, पंधरा यार्डांचा दंड बसला आणि ५१ यार्डांची किक ३६ यार्डांची झाली. बफेलो १७-१६ ने जिंकलं.

१७. घड्याळावर एकाच माणसाला बसव आणि त्याचं ऐक — तू डाव निवडण्यात गुंतलेला असतोस. दोघांचं लक्ष म्हणजे कुणाचंच नाही.

१८. किती वेळ, किती गुणांचा फरक, किती टाइमआउट, तर काय करायचं, हे आठवड्यातच कागदावर मांडून ठेव — आरडाओरड्यात बेरीज-वजाबाकी होत नाही. मंगळवारी ठरलं, ते सामन्यात तरलं.

१९. रोज रात्री कुठल्याही सामन्याची शेवटची दोन मिनिटं लाव, प्रत्येक डावाआधी चित्र थांबव आणि आपला निर्णय मोठ्याने बोल, मगच पुढे बघ — दुसऱ्याच्या चुकीवर शिकायला फी पडत नाही.

हरलात तर पोरांना बोलू नकोस, कागद दुरुस्त कर. आणि सामना कधी आहे ते कळव. मी येऊन पहिल्या रांगेत बसेन आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये टाइमआउट घेतलास तर सगळ्यांदेखत ओरडेन.

तुझी,
आत्या