शुद्ध केलेले पाणी आणि मासे

पाठाचे प्रयोजन : विहिरीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावच्या बोलीतील टी.सी.एल., टाकल्यावर कित्येकदा लहान मासे मरून तरंगताना दिसतात. ते पाहून पाण्यात विष कालविले गेले, अशी मुलांचीच नव्हे तर वडीलधाऱ्यांचीही समजूत होते. लोक मग ओढ्याचे पाणी आणू लागतात, आणि पटकी व विषमज्वर यांना वाट मोकळी होते. ही समजूत शास्त्राच्या आधारे दूर करावयाची आहे.

विवेचन : पावडर पाण्यात मिसळली म्हणजे तिच्यातील क्लोरीन रोगजंतूंचा नाश करतो. भारतीय मानकानुसार घरी पोहोचणाऱ्या पाण्यात दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. उलट, गोड्या पाण्यातील जलचरांसाठी अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निकषांत तासाभराच्या सरासरीची मर्यादा अवघी ०.०१९ मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे माणसास जे प्रमाण आवश्यक, ते जलचरांच्या मर्यादेच्या सुमारे दहापट होय.

हा भेद का पडतो? माणूस पाणी पितो. मासा पाण्यातच श्वास घेतो. प्यालेल्या पाण्यातील अल्प क्लोरीन लाळ व जठररस यांत निष्प्रभ होतो. माशाच्या कल्ल्यांवरील आवरण मात्र अतिशय पातळ असून त्यावरून पाणी अखंड वाहत असते. क्लोरीनने ते आवरण दुखावते, प्राणवायू घेता येत नाही आणि पाण्यात असूनही मासा गुदमरतो.

शेवाळ मारण्यासाठी वापरला जाणारा मोरचूदही कल्ल्यांना बाधक आहे. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि वाचलेले मासेही दगावतात.

प्रात्यक्षिक : एकही जीव मारून दाखवू नये. ताजे नळाचे पाणी दोन भांड्यांत घ्यावे. एक झाकून सावलीत, दुसरे उघडे उन्हात ठेवावे. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून दोन्हींतील क्लोरीन तपासून घ्यावा. परीक्षक द्रव टाकल्यावर उन्हातील पाण्यास पिवळी छटा फिकी येते किंवा येतच नाही, हे मुलांनी स्वतः पाहावे. काचपात्रातील माशांना ताजे नळाचे पाणी का घालू नये, याचे उत्तर त्यांना आपोआप सापडेल.

आचरण : पिण्याचे पाणी शुद्ध करणे कधीही सोडू नये. मात्र पावडरीचे भांडे ओढ्यात धुऊ नये, आणि टाकी धुतलेले पाणी तळ्यात सोडू नये. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे ज्या पाण्यात पावडर टाकली जात नाही, अशाच ठिकाणी सोडावेत.

प्रश्न :
१. एकच पाणी माणसास हितकर व माशास घातक कसे ठरते?
२. शेवाळ मेल्यावर मासे का मरतात?
३. आपल्या गावची पाण्याची टाकी धुतल्यावर ते पाणी कोठे जाते? पाहून लिहा.