हप्ता थकलेल्या ताईला काम द्यायचं का?

ताईंनो, आपल्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली. तिथं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. शिक्षा भोगून आलेल्यांच्या हाती राखण! विश्वासानं जबाबदारी दिली की माणूस ती पेलायला बघतो, असं कामाच्या मानसशास्त्राचे अभ्यासकही आज सांगतात.

आपल्या गटात काय होतं? हप्ता थकला की त्या ताईला पापडाच्या ऑर्डरीतही घेत नाहीत. मग ती बैठकीलाच येत नाही, थकबाकी तशीच राहते.

आधी तिच्या घरी जाऊन कारण विचारा, चारचौघींत नको. पुढच्या बैठकीत बचत मोजायला तिलाच बसवा. सोबत दुसरी ताई असू दे, आणि रक्कम सगळ्यांसमोर वाचूनच वहीत लिहा.