मंगळावरील प्राचीन जीवसृष्टी : पुराव्याचा एक पाठ

इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच एक गोष्ट शिकविली जाते : साधनाविना विधान करू नये. शिलालेख, नाणे, खापराचा तुकडा यांपैकी काहीच हाती नसेल, तर कितीही रम्य कथा ही कथाच राहते. या कसोटीची एक कठीण परीक्षा आज आपल्या शेजारच्या ग्रहावर चालू आहे. मंगळावर एकेकाळी जीव होता काय?

१८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी स्कियापारेल्ली यांना दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. त्यांनी त्यांना ‘कॅनाली’ म्हटले. या शब्दाचा अर्थ नैसर्गिक चर असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे ‘कालवे’ झाले. कालवे म्हटले की खोदणारे आलेच! अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल यांनी मंगळवासीयांच्या सिंचनव्यवस्थेवर ग्रंथच लिहिले. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने जवळून छायाचित्रे पाठविली, तेव्हा दिसली ती ओसाड विवरे. लोवेल यांची निष्ठा व परिश्रम खरे होते. परंतु डोळ्यांनी मनाला हवे तेच पाहिले होते.

पुढील यानांनी मात्र कोरड्या नद्यांची पात्रे दाखविली. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी मंगळावर वाहते पाणी होते, हे आता निर्विवाद आहे. पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या प्राचीनतम खुणाही साधारण त्याच काळातील आहेत. आपल्या भूकवचाची सतत उलथापालथ होत असल्याने येथील तो काळ बहुतांशी पुसला गेला. मंगळावर मात्र ती जुनी पाने शाबूत आहेत.

तीच वाचण्यासाठी पर्सिव्हिअरन्स हे फिरते यान फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरले. सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या या विवरात पूर्वी सरोवर होते. जुलै २०२४ मध्ये तेथे येणाऱ्या प्राचीन नदीच्या पात्रात, चिखलापासून घडलेल्या एका खडकावर बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांसारखे डाग आढळले. त्यांत लोह, फॉस्फरस व गंधक यांची खनिजे असून खडकात सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर चिखलातील सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्यावर जगताना अशी खनिजे निर्माण करतात.

मग जीव सापडला असे म्हणावे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी शब्द वापरला तो ‘संभाव्य जैवचिन्ह’ असा. कारण अशी खनिजे जीवाविनाही घडू शकतात. त्यासाठी बहुधा मोठी उष्णता लागते आणि या खडकात तशी खूण दिसत नाही. तरीही दुसरी वाट पूर्णपणे बंद झालेली नाही. या सावधपणामागे अनुभव आहे. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये मिळालेल्या एका मंगळी अशनीत जीवाश्म असल्याचा दावा १९९६ मध्ये जगभर गाजला. आज बहुसंख्य शास्त्रज्ञ त्याचे स्पष्टीकरण जीवाविना देतात.

निर्णय पृथ्वीवरील प्रयोगशाळेतच होऊ शकेल. खडकाचा नमुना नळीत बंद आहे. तो आणण्याची योजना मात्र प्रचंड खर्चामुळे अडली आहे. दोन शेजारी ग्रहांवर जीव स्वतंत्रपणे उपजला असे सिद्ध झाले, तर विश्वात जीवन दुर्मीळ आहे ही समजूतच बदलावी लागेल. एवढा मोठा निष्कर्ष एका नळीवर अवलंबून आहे.

आपल्या विद्यार्थ्यांना हा पाठ देण्यासाठी दूर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसाल्ट खडकात बाह्य आघाताने झाले. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच, म्हणून मंगळाचे अभ्यासक तेथे येतात. त्या काठावर उभे राहून एखादा मुलगा विचारील, “सर, मग तिथे जीव होता की नव्हता?” तेव्हा “अजून ठरलेले नाही” असे सांगण्यात शिक्षकाने कमीपणा मानू नये. त्यापुढे “ते कसे ठरवतील?” असे त्याने विचारले, तर पाठ पूर्ण झाला असे समजावे.